कडियमची झाडं, नांदेडची माती: चार वर्षांचा हिशेब

नांदेडला तरोड्यात आमच्या घरामागं चाळीस बाय पंचवीस फुटांची मोकळी जागा आहे. त्या जागेसाठी २०२१ पासून मी आंध्रातल्या कडियमच्या एका नर्सरीतून पंधरा झाडं घेतली. आज अकरा उभी आहेत. सहा झाडांची फळं घरात सगळ्यांनी खाल्ली. चार गेली. त्यातली दोन माझ्या हट्टामुळं, एक माझ्या चुकीनं आणि एक नर्सरीच्या. पाचापैकी किती तारे असं कुणी विचारलं तर मी चार देईन. एक का कापला आणि चार का दिले ते नीट सांगते, कारण मराठवाड्यात बसून रामबुतान, जाबोटिकाबा असली परदेशी फळांची नावं मोबाइलवर बघून रोपं मागवणारी मी एकटी नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सगळं वाळून गेलेलं बघून जीव तुटणारीही मी एकटी नाही.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. मला तक्रारीही लिहायच्या आहेत आणि ते एका कुटुंबाचं छोटं काम आहे. बाप, दोन मुलं आणि रोजंदारीवर येणाऱ्या दहाबारा बाया. कडियम-कडियपुलंकाच्या रस्त्यावर अशा शेकडो नर्सऱ्या एकाला एक लागून आहेत. त्यातली चांगली कशी ओळखायची एवढं या लिहिण्यातून कळलं तरी पुरे.

त्याआधीचं सांगायला हवं. २०२० च्या बंदच्या काळात शाळा घरातून चालू होती, हातात वेळ होता. तेव्हा एका ऑनलाइन दुकानातून मी पाच रोपं घेतली होती. सगळ्यांवर 'कलम' असं लिहिलेलं. आली तेव्हा वीतभर उंच, कोवळी, आणि खोडावर कलमाच्या जोडाची खूणच नाही. बियांपासून केलेली रोपं होती ती. रामबुतानमध्ये बियांच्या रोपातून नर झाड निघू शकतं, आणि नर झाडाला फळ कधीच लागत नाही. म्हणजे आठ वर्षं पाणी घालायचं आणि शेवटी फक्त फुलं बघायची. तेवढी वेळही आली नाही. पुढच्या मे महिन्यात पाचही गेली. तक्रार केली तर उत्तर आलं, 'रोप पोहोचताना जिवंत होतं.'

कडियमचा नंबर मला भावाच्या मित्राकडून मिळाला. आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, माहेर तेलंगणातल्या बोधनचं, तेलुगू त्यांची पहिली भाषा. मी देगलूरकडच्या शाळेत बावीस वर्षं काढली, मला समजतं, पण बोलताना अडखळते. म्हणून फोन स्पीकरवर ठेवला आणि आत्याबाईंना बोलायला बसवलं. मी यादी वाचत होते आणि त्या सांगत होत्या. मॅंगोस्टीनचं नाव निघालं तसा पलीकडचा माणूस थांबला. मग म्हणाला, "अम्मा, ई मोक्का मी ऊर्लो बतकदु." आई, हे झाड तुमच्या गावात जगायचं नाही.

मग त्यानंच विचारायला सुरुवात केली. पाणी बोअरचं की नळाचं? चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो का? माती काळी की तांबडी, आणि किती खोल गेल्यावर मुरूम लागतो? मे महिन्यात दुपारी दोनला त्या जागेवर ऊन असतं की भिंतीची सावली? आजपर्यंत मला रोप विकणाऱ्या कुणीही यातलं काही विचारलं नव्हतं. आत्याबाई उठून मागं गेल्या, पातेलं उचलून आतला थर नखानं खरवडून बघितला आणि परत येऊन सांगितलं की हो, बसतो, जाड बसतो.

मॅंगोस्टीनचं रोप सातशे रुपयांचं होतं. त्यांनी ते विकलं नाही. कारण असं सांगितलं की या झाडाला वर्षभर दमट हवा लागते, कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपतात, आणि वाढ इतकी सावकाश की फळाला आठदहा वर्षं सहज जातात. तुमच्या बोअरच्या पाण्यावर ते दुसरा उन्हाळा बघणार नाही, म्हणाले. रामबुतानबद्दल म्हणाले, अर्धं-अर्धं धरा. मी तरी दोन घेतली. मॅंगोस्टीन सोडलं ना, मग रामबुतान तरी हवंच, असा हट्ट होता माझा.

जुलैत माल आला. नऊ रोपं, ४,१०० रुपयांची, वर १,३०० रुपये भाडं. जाबोटिकाबा एक (तीन वर्षांचं, ते एकटंच ११०० चं), बार्बाडोस चेरी दोन, एगफ्रूट एक, हनुमानफळ दोन, रामबुतान दोन, अ‍ॅव्होकॅडो एक. पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवरून आणावं लागलं, घरपोच नाही. पॅकिंग मात्र मनापासून केलेलं होतं. प्रत्येक पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेली, खोडाला बांबूची काडी, आणि कलमाच्या जोडावर कागदाची पट्टी. चार दिवस प्रवासात जाऊनही एकाचंही शेंड्याचं पान मुरगळलेलं नव्हतं. सोबत तेलुगूत लिहिलेली चिठ्ठी होती. आत्याबाईंनी वाचून दाखवली: पंधरा दिवस सावलीत ठेवा, लगेच लावू नका, खत घालू नका.

पण तारा कापला तो इथंच. कडियमची माती गोदावरीच्या गाळाची. ट्रकमध्ये गोळा फुटू नये म्हणून रोपं तिथं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात भरतात. त्या गावाला ते ठीक, तिथं कालव्याचं पाणी बारमाही. आमच्याकडं मी खड्डा केला, शेणखत मिसळलं, पिशवी कापली आणि तो गोळा जसाच्या तसा काळ्या मातीत ठेवला. काळी माती फेब्रुवारी-मार्चात आक्रसते. गोळ्याच्या भोवती बोटभर फट पडली. मी रोज पाणी घालत होते, पण ते सगळं त्या फटीतून खाली जात होतं आणि गोळा आतून कोरडाठाक. एक बार्बाडोस चेरी एप्रिलात गेली. उपटून पाहिली तर मुळं पिशवीच्या आकारात गोल फिरलेली, एकही मूळ बाहेर पडलं नव्हतं. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण झाड निरोगी होतं.

मी फोटो पाठवले. वाद नाही, बहाणा नाही. त्यांनी सांगितलं की आधी कळवलं तर कोकोपीट मिसळलेल्या हलक्या मातीत दोन महिने ठेवून मग पाठवू. पुढची रोपं तशीच आली. तुम्ही मागवाल तर हे आधी सांगा, नंतर नाही. आणि गोळा आलाच तर बादलीत अर्धा तास भिजवा, बाहेरची अर्धा इंच माती बोटांनी मोकळी करा, गोल फिरलेली मुळं ब्लेडनं दोन-तीन ठिकाणी कापा. पहिल्यांदा हात थरथरतो, पण झाडाला काही होत नाही.

आता फळांकडं येते. जाबोटिकाबा हे मूळचं ब्राझीलचं, आपल्या जांभूळ-पेरूच्या कुळातलं. याची फळं फांदीच्या टोकाला नाही, सरळ खोडाला लागतात. बियांपासून केलेलं साधं झाड आठदहा वर्षं थांबवतं. मी घेतलेली लाल जात संकरित आहे, ती लवकर धरते. पण दोन पावसाळ्यांच्या आत त्याची नवीन पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. माझ्या मातीचा सामू (पीएच) ८.३ निघाला होता, आणि जाबोटिकाबाला आम्लधर्मी माती लागते. मी हिराकस घातला, दोन वेळा. काही फरक नाही. चुनखडीच्या मातीत हिराकसातलं लोह बांधलं जातं आणि मुळाला मिळत नाही. फोनवर सांगितल्यावर ते म्हणाले, कृषी सेवा केंद्रात जाऊन चिलेटेड, म्हणजे मातीत बांधलं न जाणारं, लोह मागा, पण डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए असेल तर घेऊ नका, ते सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. ईडीडीएचए मागा, ते नऊपर्यंत चालतं. नांदेडात तीन दुकानं फिरल्यावर मिळालं. विटकरी रंगाची बारीक पूड असते, पाण्यात टाकली की पाणी रक्तासारखं लाल होतं. महाग आहे, पण कुंडीला चमचाभरही लागत नाही. महिन्याभरात जी नवी पानं आली ती हिरवी आली. पिवळी पडलेली जुनी पानं मात्र तशीच राहिली, त्यांची वाट बघू नका.

त्याच पावसाळ्यात मी गच्चीच्या पन्हाळीखाली दोन ड्रम ठेवले. जाबोटिकाबाला आणि नंतर घेतलेल्या मिरॅकल फ्रूटला फक्त ते पाणी. ते संपलं की आरओचं.

मार्च २०२४ मध्ये एका सकाळी खोडाला पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला. मला वाटलं मावा पडला. चष्मा लावून बघितलं तर फुलं. महिनाभरात सदतीस फळं झाली, काळसर लाल, बोराएवढी. साल जाड आणि थोडी तुरट, आत पांढरा रसाळ गर. आत्याबाई म्हणाल्या, "हे तर मुंगळे चढलेत खोडावर." मग एक तोंडात टाकलं आणि दुसरं तोडायला स्वतःच वाकल्या, ब्याऐंशीव्या वर्षी. फळ तोडल्यावर ठेवू नका, तीनचार दिवसांत आंबायला लागतं. बाजारात ते का दिसत नाही, ते मला तेव्हा कळलं. हे फळ खायचं तर झाड दारातच असावं लागतं.

हनुमानफळाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या भागात सगळ्यात आधी हेच लावावं असं माझं मत आहे. नर्सऱ्या हनुमानफळ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा अ‍ॅटेमोया असतं, सीताफळ आणि चेरिमोया यांचा संकर. फ्लोरिडात १९०८ साली तो पहिल्यांदा केला गेला. मला जे मिळालं ते सीताफळाच्या खुंटावर केलेलं कलम. म्हणजे वरचं झाड पाहुणं, पण मूळ आपलं. सीताफळ तर बालाघाटच्या खडकाळ उतारावर कुणी पाणी न घालता वाढतं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तो खुंट आपल्या चुन्याला, आपल्या उन्हाला सरावलेला. म्हणूनच माझ्याकडं सगळ्यात बिनतक्रार हेच झाड वाढलं.

फळ मात्र आपोआप धरत नाही. पहिल्या वर्षी चाळीसेक फुलं आली आणि सगळी गळाली. मी घाबरून फोन केला. तेव्हा कळलं की याचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, दोन्ही एका वेळी नाही. त्यांच्याकडं दमट हवेत बारीक भुंगेरे परागीकरण करतात. आमच्याकडच्या कोरड्या हवेत फुलातला चिकटपणाच लवकर वाळतो. मग हातानं करायचं. संध्याकाळी पाकळ्या पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग कागदावर झटकून डबीत घ्यायचे, आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत, जी फुलं जेमतेम उघडली आहेत त्यांच्यात मऊ ब्रशनं लावायचे. नातीच्या चित्रकलेच्या डब्यातला सगळ्यात बारीक ब्रश त्यासाठी ठेवला आहे. पराग कमी पडले तर शेजारच्या सीताफळाचे चालतात. जूनच्या सरी सुरू झाल्यावर केलं तर जास्त धरतात, हे माझं निरीक्षण. गेल्या वर्षी आठ फुलं हातानं केली, पाच फळं आली, मोठं चारशे दहा ग्रॅमचं. बिया कमी, गर सलग, सीताफळापेक्षा थोडी आंबट झाक. तरी पिकलेल्या गावरान सीताफळाची रवाळ गोडी त्यात नाही, हेही सांगते. दोन्ही वेगळ्या चवी आहेत.

दोनपैकी दुसरं हनुमानफळ रामफळ निघालं. नर्सरीची ही दुसरी चूक. २०२३ च्या मार्चमध्ये लाल, गुळगुळीत फळ आलं तेव्हा कळलं. रामफळ वाईट नाही, आम्ही खाल्लं, पण मी त्याचे पैसे दिले नव्हते. पानाचा आणि फळाचा फोटो पाठवला. रामफळाचं पान लांब, अरुंद असतं. त्यांनी एका शब्दानं वाद न घालता जुलैत दुसरं कलम फुकट पाठवलं, भाडं मी दिलं. पिशवीवर मार्करनं लिहिलेलं नाव पावसात पुसतं आणि मग बाया अंदाजानं चिठ्ठी लावतात. हे मी स्वतः तिथं जाऊन बघितलं आहे. एवढं महागाचं कलम विकताना पत्र्याची खूण खोडाला बांधावी, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. अजून केलेलं नाही.

एगफ्रूटबद्दल थोडक्यात. हे चिकूच्या कुळातलं. चुनखडीच्या जमिनीत तक्रार करत नाही, आणि आपल्यासाठी तीच मोठी गोष्ट. माझ्याकडं लोह न घालता हिरवंगार आहे. फळ पिवळं, टोकदार. तोडून चारपाच दिवस ठेवलं की मऊ पडतं. गर कोरडा, उकडलेल्या अंड्यातल्या पिवळ्या बलकासारखा. ज्यांना रसाळ फळ हवं त्यांची निराशा होईल. आमच्याकडं ते दुधात फिरवून वेलदोडा घालून पितात आणि आत्याबाई त्याच्या पुऱ्या करतात, लाल भोपळ्याच्या घाऱ्यांसारख्या. उरलेली बार्बाडोस चेरीही छान. फूल ते फळ महिन्याभरात, वर्षातून तीनचार बहर. आंबट आहे, 'क' जीवनसत्त्व भरपूर. तोडल्या दिवशीच संपवायची.

रामबुतान. दोन्हीच्या भोवती मी केळीचे चार कंद लावले, हवा ओलसर राहावी म्हणून. अर्धापूरच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी कंद दिले आणि केळीची वाळलेली पानं दोन पोती दिली, आच्छादनाला. वर पंचाहत्तर टक्क्यांची शेडनेट. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा. तो फवारा बोअरच्या पाण्याचा होता, आणि त्यानं पानांवर क्षाराचे ठिपके पडून टोकं आणखी करपली. पहिलं २०२२ च्या एप्रिलात गेलं. दुसरं मी पावसाच्या पाण्यावर आणखी एक वर्ष ओढलं. २०२३ च्या मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या वर गेला, तीन दिवस गरम वारा वाहिला आणि शेंडा काळा पडला. मी शाळेत एवढी वर्षं काढली, पण 'अर्धं-अर्धं' याचा अर्थ समोरच्यानं सांगितला तेव्हाच समजून घ्यायला हवा होता. याचा दोष नर्सरीला देणार नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघी तिकडं गेलो. विशाखापट्टणमच्या गाडीनं राजमुंद्री, रात्रभराचा प्रवास. कोव्वूर सोडलं की गोदावरीचा पूल लागतो, अडीच किलोमीटरहून लांब, आणि गाडी चालतच राहते. आमच्या नांदेडच्या घाटावर उन्हाळ्यात जी गोदावरी आम्ही दगड मोजत बघतो तीच ही, यावर आत्याबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी खिडकीतून हात जोडले. खाली धवळेश्वरमचं धरण आहे. तिथं १८५२ साली आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली पहिला बांध पुरा झाला आणि त्यातून निघालेल्या कालव्यांवर सगळा डेल्टा हिरवा आहे. कडियमच्या नर्सऱ्याही त्याच पाण्यावर. नर्सरीत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. नोव्हेंबरात. मला तिथं उभ्या उभ्या कळलं की माझ्या रामबुताननं काय सोसलं होतं. तिथून इथं चार दिवसांत आलेल्या झाडाला जगायला सांगणं म्हणजे मासा ओट्यावर ठेवून पाणी शिंपडणं.

मालक साठीचे, शांत. मला 'टीचरगारू' म्हणतात. एका बाईनं आमच्यासमोर मृदुकाष्ठ कलम करून दाखवलं. खुंटाला खाच, डोळकाडीला पाचर, पट्टी गुंडाळली, वर प्लास्टिकची टोपी. दीड मिनिट लागलं असेल. तिथून मी मिरॅकल फ्रूट, लक्ष्मणफळ आणि आणखी एक जाबोटिकाबा हातात घेऊन आले. मिरॅकल फ्रूटचं बोर चघळलं की पुढं तासभर लिंबू गोड लागतं, हे खरं आहे. आमच्या गल्लीतली पोरं त्यासाठी येतात.

एक गोष्ट मला तिथं खटकली आणि मी तोंडावर बोलले. लक्ष्मणफळाच्या वाफ्यावर पाटी होती: कॅन्सरवर औषध. असं सिद्ध झालेलं नाही. उलट या सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पानाबियांतल्या काही घटकांचा मज्जातंतूंवर वाईट परिणाम होत असावा, असं कॅरिबियन बेटांवरच्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढं आलेलं आहे. माझ्याकडं हे झाड आहे हे कळल्यावर गल्लीतल्या एक बाई पानं मागायला आल्या होत्या, नवऱ्याच्या काढ्यासाठी. त्यांचं केमो चालू होतं. मी पानं दिली नाहीत. बसवून चहा दिला आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका असं सांगितलं. त्या नाराज होऊन गेल्या. मालकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले गिऱ्हाईकच विचारतं. पाटी काढली की नाही, ठाऊक नाही. एक तारा कापताना मी हेही धरलेलं आहे.

अ‍ॅव्होकॅडोत चूक माझी. जागेच्या सखल कोपऱ्यात लावलं. २०२२ च्या जुलैत पाऊस थांबेना, काळ्या मातीत आठ दिवस पाणी साचलं आणि मुळं सडली. याला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. २०२३ ला दुसरं आणलं, मुरूम आणि शेणखताचा दोन फूट उंच ओटा करून त्यावर लावलं. जगलंय, फळ नाही. त्याच वेळी घेतलेला लॉंगनही त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यालाही फळ नाही. दोघांबद्दल आत्ता काही म्हणत नाही.

मागवणाऱ्यांसाठी: फोन रात्री आठनंतर करा, दिवसा ते उचलत नाहीत. हिंदी येतं. ऑर्डर मृगाच्या सरी पडल्यावर द्या, दिवाळीनंतर देऊ नका, कारण हिवाळ्यात रोप बसतं न बसतं तोच मार्च येतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. दोन दिवसांत कळवलेलं नुकसान ते मानतात, नंतरचं नाही. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहील असंच लावा. आणि खोडाला पहिले दोन उन्हाळे चुना लावा, पश्चिमेकडून तुराट्यांची ताटी उभी करा. शेडनेटपेक्षा ताटीनं माझी जास्त झाडं वाचवली.

यंदा देगलूरच्या धाकट्या बहिणीला एगफ्रूट आणि हनुमानफळ हवंय. मी लिचीचंही विचारलं. नाही म्हणाले, तुमच्याकडची थंडी तिच्या मोहराला पुरत नाही. बाकी दोन्हीचे पैसेही त्यांनी अजून घेतलेले नाहीत. आधी तिच्या अंगणातल्या खड्ड्याचा फोटो मागितलाय. काल तिनं कुदळीनं हातभर खणून पाठवला. खाली मुरूम लागलाय.